दोन याद्यांवरून रोगनोंदणीची पूर्णता ठरवावी का? ‘९२ टक्के’ या उत्तराबद्दल शंका

प्रश्न : नोंदणी कार्यालयातील विश्लेषक

नमस्कार. मी एका रोगनोंदणी कार्यालयात आकडेवारीचे काम पाहतो. एका आजाराच्या रुग्णांची माहिती आमच्याकडे दोन मार्गांनी येते. रुग्णालये पाठवतात ती एक यादी आणि निदान करणाऱ्या प्रयोगशाळा पाठवतात ती दुसरी. या दोन्ही याद्या जुळवून आमची नोंदवही तयार होते. खरे आकडे येथे देणे योग्य नाही, म्हणून हिशेबाला सोयीचे पण प्रमाणाने जवळचे आकडे घेतो. रुग्णालयांच्या यादीत ८०० रुग्ण आहेत, प्रयोगशाळांच्या यादीत ६००, आणि त्यांपैकी ४८० दोन्हीकडे सापडतात, म्हणजे नोंदवहीत वेगवेगळे रुग्ण ९२० आहेत.

यावर आम्ही कॅप्चर-रीकॅप्चर पद्धत (समाईक नावांवरून, कोणत्याच यादीत न आलेल्यांसह एकूण संख्येचा अंदाज करण्याची रीत) लावली. प्रयोगशाळांच्या ६०० रुग्णांपैकी ४८०, म्हणजे ८० टक्के, रुग्णालयांच्या यादीतही आहेत. म्हणून रुग्णालयांची यादी एकूण रुग्णांपैकी ८० टक्के रुग्ण पकडते असे मानले, तर एकूण रुग्ण १००० होतात आणि आमची नोंदणी ९२ टक्के पूर्ण ठरते. याच हिशेबाचे किंचित सुधारलेले रूप असलेल्या चॅपमनच्या सूत्राने ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (योगायोगाची मुभा धरून अंदाजाचा पल्ला) साधारण ९७५ ते १०२५ असा येतो. वार्षिक अहवालात ‘नोंदणी ९२ टक्के पूर्ण’ हे वाक्य घालण्याचे जवळजवळ ठरले आहे.

माझी अडचण अशी आहे की अनेक रुग्णालये प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यानंतरच आमच्याकडे नोंद पाठवतात. तसे असेल तर एका यादीत नाव असण्याचा दुसऱ्या यादीत नाव असण्याशी थेट संबंध आहे. याचा परिणाम कोणत्या दिशेने होतो आणि किती होऊ शकतो? आणि मृत्यूनोंदणीची तिसरी यादी मिळवली, तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर १ : संख्याशास्त्राची अध्यापिका

आपली शंका रास्त आहे, आणि ती अहवाल छापण्यापूर्वी आली हे चांगले झाले. सूत्राच्या आत काय चालते ते आधी पाहू, कारण तेथेच उत्तर आहे.

दोन याद्यांमुळे रुग्णांचे चार गट पडतात: दोन्हीकडे असलेले ४८०, फक्त रुग्णालयांच्या यादीतील ३२०, फक्त प्रयोगशाळांच्या यादीतील १२०, आणि कोठेच न आलेले. हा चौथा गट आपल्याला दिसत नाही. ३२० ला १२० ने गुणून ४८० ने भागले की ८० हा आकडा येतो, आणि तोच त्या रिकाम्या चौकोनात भरून आपण १००० पर्यंत पोहोचता. मात्र हे ८० रुग्ण आकडेवारीतून आलेले नाहीत. दोन याद्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत, म्हणजे त्यांच्यातील ऑड्स रेशो (एका यादीत नाव असल्यास दुसरीत असण्या-नसण्याचे गुणोत्तर किती पट होते ते माप) १ आहे, या गृहीतकातून ते आले आहेत. दोनच याद्या हाती असताना हे गृहीतक तपासण्याचा कोणताही संख्याशास्त्रीय मार्ग नाही, कारण तपासणीसाठी जो चौथा आकडा लागतो तोच आपल्याकडे नसतो.

आता ऑड्स रेशो बदलून पाहा. तो २ असेल, तर न दिसलेले रुग्ण ८० ऐवजी १६० होतात, एकूण रुग्ण १०८० होतात आणि पूर्णता ८५ टक्क्यांवर येते. तो ३ असेल तर एकूण ११६० आणि पूर्णता ७९ टक्के, ५ असेल तर एकूण १३२० आणि पूर्णता ७० टक्के. हाती असलेले तिन्ही आकडे या प्रत्येक उत्तराशी सारखेच जुळतात. याद्यांमध्ये धन संबंध असेल, म्हणजे एकीत नाव आल्याने दुसरीत येण्याची शक्यता वाढत असेल, तर एकूण रुग्णांचा अंदाज कमी निघतो आणि नोंदणी आहे त्यापेक्षा जास्त पूर्ण दिसते. ऋण संबंधात उलटे होते. आपण वर्णन केलेला व्यवहार उघडच धन संबंधाचा आहे. ९७५ ते १०२५ या पल्ल्यात ही अनिश्चितता मुळीच आलेली नाही. स्वातंत्र्याचे गृहीतक खरे आहे असे धरून केवळ योगायोगामुळे आकडा किती हलेल, एवढेच तो पल्ला सांगतो.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट करता येईल. रुग्णालयाने पाठवलेली कोणती नोंद प्रयोगशाळेच्या अहवालामुळे सुरू झाली, हे तारखांवरून किंवा अर्जातील नोंदींवरून कळत असेल, तर अशा नोंदी रुग्णालयांच्या यादीतून तात्पुरत्या बाजूला काढा. समजा, दोन्हीकडे आलेल्या ४८० पैकी १८० नोंदी अशा आहेत. मग रुग्णालयांनी स्वतंत्रपणे कळवलेले रुग्ण ६२० राहतात, समाईक ३०० राहतात आणि एकूण रुग्णांचा अंदाज १२४० होतो, म्हणजे पूर्णता ७४ टक्के. हाही आकडा अंतिम मानू नका. त्या १८० पैकी काही रुग्ण रुग्णालयांनी अहवालाची वाट न पाहताही कळवले असते आणि ते बाजूला काढल्याने दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते. तरीही, याद्यांमध्ये दुसरा कोणताही संबंध नाही असे धरले, तर खरा आकडा १००० आणि १२४० यांच्या दरम्यान कोठेतरी असावा, एवढे आपण प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

‘दुसरा कोणताही संबंध नाही’ हे शब्द मी हलकेच वापरलेले नाहीत, कारण दोन कार्यालयांनी एकमेकांना एकही कागद पाठवला नाही तरी याद्या परस्परावलंबी होऊ शकतात. एक काल्पनिक उदाहरण घ्या. ५०० रुग्णांचा आजार तीव्र आहे आणि प्रत्येक यादी त्यांच्यापैकी ९० टक्के पकडते. दुसऱ्या ५०० जणांचा आजार सौम्य आहे आणि प्रत्येक यादी त्यांच्यापैकी ४० टक्केच पकडते. दोन्ही गटांच्या आत याद्या पूर्णपणे स्वतंत्र आहेत. तरी एकत्र हिशेब केला तर प्रत्येक यादीत ६५० आणि समाईक ४८५ रुग्ण येतात. सूत्र एकूण ८७१ रुग्ण सांगते आणि नोंदवहीतील ८१५ रुग्णांवरून पूर्णता जवळजवळ ९४ टक्के निघते, जेव्हा ती प्रत्यक्षात ८१.५ टक्के आहे. तोच हिशेब दोन गटांत वेगवेगळा केला तर प्रत्येक गटात अचूक ५०० मिळतात. म्हणून वय, आजाराची तीव्रता, शहरी किंवा ग्रामीण वस्ती आणि सरकारी किंवा खासगी उपचार यांनुसार गट पाडून हिशेब करणे ही किमान काळजी आहे.

हा उपाय नवा नाही. ही पद्धत एरवी पीटरसनच्या माशांच्या आणि लिंकनच्या बदकांच्या गणनेशी जोडली जाते. पण माणसांच्या नोंदींसाठी ती काळजीपूर्वक मांडणाऱ्या पहिल्या लेखांपैकी एक चंद्रशेखरन आणि डेमिंग यांचा १९४९ सालचा आहे, आणि त्यातील सामग्री कोलकात्याजवळच्या सिंगूर परिसरातील जन्ममृत्यूंची आहे. निबंधकाकडील यादी आणि घरोघरी जाऊन केलेली यादी यांची तुलना करताना, लोकसंख्या लहान व एकजिनसी गटांत विभागून परस्परसंबंध कमी करण्याचा मार्ग त्यांनी तेव्हाच सांगितला होता. आज सॉफ्टवेअर एका आज्ञेत उत्तर देते आणि ही पायरी गाळली जाते, याची मला मनापासून खंत वाटते.

उत्तर २ : नोंदणीतील जुना कर्मचारी

अध्यापिकाबाईंनी सांगितले ते सर्व मान्य करून मी त्याच्या अलीकडची एक गोष्ट सांगतो. समाईक ४८० हा आकडा बरोबर आहे याची आपल्याला खात्री आहे का? संपूर्ण हिशेबात हा आकडा भाजकाच्या जागी बसतो, आणि तो रुग्णांनी नव्हे, तर आपण नावे कशी जुळवली यावरून ठरतो.

जुळवणीत ४० खऱ्या जोड्या हुकल्या, तर समाईक ४४० राहतात, एकूण अंदाज १०९१ होतो, नोंदवहीत ९६० वेगळे रुग्ण दिसतात आणि पूर्णता ८८ टक्के निघते. याउलट ४० वेगळी माणसे चुकून एकच समजली गेली, तर समाईक ५२० होतात, अंदाज ९२३ वर येतो आणि पूर्णता ९५ टक्क्यांच्या वर जाते. ढिसाळ जुळवणीचे बक्षीस म्हणून नोंदणी अधिक चांगली दिसते! दोन्ही अंदाज आपल्या ९७५ ते १०२५ या पल्ल्याच्या बाहेर आहेत, आणि सहाशे नावांत चाळीस चुका होणे मुळीच अशक्य नाही.

मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तेथे जन्मतारीख तंतोतंत जुळलीच पाहिजे असा नियम होता. एका यादीत खरी जन्मतारीख असे आणि दुसरीत सांगितलेल्या वयावरून काढलेली १ जानेवारी. त्यामुळे एकच बाई दोन रुग्ण म्हणून मोजली जाई. विवाहानंतर आडनाव बदललेले असेल तर हाताने तपासतानाही ती सापडत नसे. आम्हाला हे फार उशिरा लक्षात आले, आणि तोपर्यंत काही वर्षांचे अंदाज बाहेर गेले होते. म्हणून माझा आग्रह असा की जुळवणी एकदा कडक नियमाने आणि एकदा सैल नियमाने करावी, मधल्या संशयास्पद जोड्या दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहाव्यात, आणि दोन्ही टोकांचे अंदाज अहवालात द्यावेत.

याद्यांची हद्द आणि काळ एकच आहे का, हेही पाहा. प्रयोगशाळा बाहेरच्या भागातून आलेल्या रुग्णांचेही नमुने तपासते. असे रुग्ण वगळले नाहीत, तर ते फक्त एकाच यादीत राहतात आणि एकूण अंदाज विनाकारण फुगतो. डिसेंबरात नमुना दिलेले आणि जानेवारीत रुग्णालयात दाखल झालेले, अशा रुग्णांचेही तेच. चुकीच्या निदानाच्या नोंदी तर सर्वांत घातक असतात, कारण जो आजारीच नाही तो दुसऱ्या यादीत बहुधा कधीच सापडत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. तारखा तपासल्या, काही रुग्णालयांच्या बाबतीत नोंद कशामुळे सुरू झाली हे कळते, काहींच्या बाबतीत नाही. जुळवणी आम्ही एकाच नियमाने केली होती, ती आता पुन्हा करतो. मृत्यूनोंदणीच्या यादीबद्दल मात्र अजून विचारावेसे वाटते. तीन याद्या असल्या की परस्परसंबंधही मॉडेलमध्ये घालता येतो, असे मी वाचले आहे.

उत्तर ३ : कर्करोग नोंदणीतील संशोधक

घालता येतो, पण सर्व संबंध नाही. तीन याद्यांमुळे सात दिसणारे गट मिळतात आणि आठवा रिकामा राहतो. लॉग-लिनियर मॉडेलमध्ये (गटांच्या आकड्यांवरून याद्यांमधील संबंध मोजणाऱ्या सांख्यिकी मॉडेलमध्ये) दोन-दोन याद्यांमधील तिन्ही संबंध मोजता येतात. तिन्हींना एकत्र बांधणारा संबंध शून्य आहे हे मात्र गृहीतच धरावे लागते, म्हणजे न तपासता येणारे गृहीतक नाहीसे न होता एक पायरी वर सरकते. शिवाय कोणते संबंध घ्यावेत यानुसार आठ मॉडेले होतात. त्यांपैकी काही सामग्रीशी जवळजवळ सारखीच जुळतात, पण न दिसलेल्या रुग्णांचे अंदाज मात्र फार वेगळे देतात. अशा वेळी एआयसी (मॉडेल सामग्रीशी किती जुळते आणि किती गुंतागुंतीचे आहे यांचा मेळ घालणारे माप) सर्वांत कमी असलेले मॉडेल निवडून बाकीची विसरून जाणे मला योग्य वाटत नाही. सर्व स्वीकारार्ह मॉडेलांचे अंदाज वाचकासमोर ठेवावेत.

मृत्यूनोंदणी ही तिसरी यादी म्हणून विशेष अडचणीची आहे. जो रुग्ण जिवंत आहे त्याचे नाव तेथे येण्याची संभाव्यता शून्य आहे, आणि ज्याचा आजार लवकर मृत्यू ओढवतो तो इतर याद्यांत पोहोचण्याआधीच जातो. हुक, अल्ब्राइट आणि क्रॉस यांचा १९८० सालचा अभ्यास याचे बोलके उदाहरण आहे. न्यूयॉर्क शहर वगळून त्या राज्यातील स्पायना बिफिडा (पाठीचा कणा नीट बंद न होण्याचे जन्मजात व्यंग) असलेल्या बालकांचा अंदाज त्यांनी जन्मदाखले, मृत्यूदाखले आणि वैद्यकीय पुनर्वसन सेवेच्या नोंदी यांवरून केला. जे मूल जगले नाही ते पुनर्वसनाकडे जाणार कसे? तेथे ऋण संबंध अपेक्षितच होता, आणि याद्या कशा तयार होतात हे ठाऊक असल्यामुळेच त्याचा अर्थ लावता आला.

म्हणून मृत्यूनोंदणीचा वापर मी वेगळ्या रीतीने करेन. कर्करोग नोंदण्यांमध्ये हे जुने काम आहे. नोंदवहीत आधी नसलेला आणि मृत्यूच्या दाखल्यावरूनच प्रथम कळलेला रुग्ण वेगळा मोजतात. त्याचा माग काढून रुग्णालयात निदानाचे कागद मिळाले तर तो पूर्ण नोंद होतो, आणि काहीच मिळाले नाही तर ‘केवळ मृत्यूदाखला’ म्हणून राहतो. पूर्णतेच्या अंदाजासाठी यांपैकी पहिला आकडा लागतो, शेवटचा नव्हे. अनेक अहवालांत मात्र शेवटचाच छापलेला असतो.

तर्क असा आहे. जे रुग्ण जिवंतपणी निसटले त्यांपैकी काही मरतात आणि दाखल्यातून आपल्यापर्यंत येतात, तर बाकीचे जगतात किंवा त्यांच्या दाखल्यावर आजाराचा उल्लेखच नसतो, म्हणून ते कधीच कळत नाहीत. निसटलेल्यांपैकी ४० टक्के मृत्यूद्वारे कळतात असे मानले आणि नोंदवहीतील १००० पैकी ६० रुग्ण दाखल्यावरून प्रथम कळले असतील, तर मुळात निसटलेले १५०, त्यांपैकी अजून न कळलेले ९०, आणि पूर्णता १००० भागिले १०९०, म्हणजे सुमारे ९२ टक्के. आता तेच ६० रुग्ण अशा आजाराचे आहेत असे समजा, की ज्यात १० टक्केच मृत्यूद्वारे कळतात. मग अजून न कळलेले ५४० होतात आणि पूर्णता ६५ टक्क्यांवर येते. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ही पद्धत बऱ्यापैकी चालते, पण थायरॉइडच्या कर्करोगात जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण तिला मृत्यूंचा आधार लागतो आणि तेथे मृत्यूच थोडे असतात. व्यवहारात ४० टक्क्यांच्या जागी मृत्यूसंख्या आणि नवीन रुग्णसंख्या यांचे गुणोत्तर घालतात. ते चालण्यासाठी आजाराचे प्रमाण आणि जगण्याची शक्यता बराच काळ स्थिर असावी लागते, आणि मृत्यूचे कारण नीट लिहिले जावे लागते. जेथे मृत्यूदाखले नोंदवहीशी जोडलेलेच नाहीत तेथे दाखल्यावरून कळलेले रुग्ण शून्य असतात. त्या शून्याकडे पाहून समाधान मानणारे अहवाल मी वाचले आहेत, आणि ती फसवणूक जाणूनबुजून नसली तरी गंभीर आहे.

बुलार्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली ‘फ्लो’ पद्धत याच्या पुढे जाते. निदानानंतर ठरावीक काळाने रुग्ण जिवंत असण्याची संभाव्यता, त्या काळापर्यंत जिवंत असूनही तो नोंदला न जाण्याची संभाव्यता, आणि मृत्यू झाल्यास दाखल्यावर आजाराचा उल्लेख असण्याची संभाव्यता, अशा तीन गोष्टी जोडून ती निदानापासून १ वर्षाने, ३ वर्षांनी, ५ वर्षांनी पूर्णता किती असते हे सांगते. आपल्या वाक्यात ‘९२ टक्के पूर्ण’ असे आहे, पण कोणत्या दिवशी? नोंद उशिरा येणे आणि कधीच न येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील सीअर ही कर्करोग नोंदणी उशिराचा परिणाम दुरुस्त केलेले दर स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते, ते याच कारणाने.

उत्तर ४ : क्षयरोग कार्यक्रमात काम केलेला सांख्यिक

वरील चर्चेत एक मुद्दा राहिला आहे. निदान होऊनही न कळवलेला रुग्ण आणि निदानच न झालेला रुग्ण यांत भेद करावा. जो कोणत्याही दवाखान्यात गेलाच नाही, त्याची सर्व याद्यांत येण्याची संभाव्यता शून्य असते आणि कितीही याद्या जोडल्या तरी तो अंदाजात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली क्षयरोगाच्या न कळवलेल्या रुग्णांसाठी इन्व्हेंटरी अभ्यासांची (निरनिराळ्या नोंदी ताडून न कळवलेले रुग्ण मोजणाऱ्या अभ्यासांची) जी मार्गदर्शिका काढली, तिचा भरही या भेदावर आहे.

माझी सूचना अशी की रुग्णालये आणि दवाखाने यांची पूर्ण यादी करून त्यातून चिठ्ठ्या टाकून थोडी निवडा आणि तेथील बाह्यरुग्ण नोंदवह्या, औषधवाटपाच्या वह्या आणि तपासणीचे अहवाल स्वतः चाळा. तेथे सापडलेल्या रुग्णांपैकी किती आपल्या नोंदवहीत आहेत हे मोजा. एक यादी खरोखर यादृच्छिक नमुन्याची असेल, तर दुसरी कशीही गोळा झालेली असली तरी दोन्ही स्वतंत्र राहतात, कारण हे स्वातंत्र्य गृहीत धरलेले नसून निवडीच्या रीतीतून आलेले असते. काम कष्टाचे आहे आणि नमुना लहान असल्याने पल्ला रुंद येईल. पण ९७५ ते १०२५ या अरुंद आणि निराधार पल्ल्यापेक्षा तो मला अधिक विश्वासाचा वाटतो.

उत्तर ५ : संख्याशास्त्राची अध्यापिका

उत्तर ४ ला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त एक अट जोडते. वह्या चाळणाऱ्यांना कोणते रुग्ण आधीच नोंदले आहेत हे माहीत नसावे. ती यादी हातात असेल, तर ओळखीची नावे डोळ्यांना चटकन सापडतात आणि अनोळखी, अस्पष्ट अक्षरातील नावे सुटतात. मग जो धन संबंध टाळण्यासाठी एवढे कष्ट घेतले तोच परत येतो. प्रथम सर्व नावे उतरवून यादी बंद करावी, आणि जुळवणी नंतर दुसऱ्या माणसाने करावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

अहवालातील ते वाक्य थांबवले आहे. दोन नियमांनी केलेली जुळवणी, रुग्णालयांच्या नोंदींचे मूळ आणि गटनिहाय हिशेब हे प्रथम करतो. कार्यालयाने निवडक दवाखान्यांच्या पाहणीला तत्त्वतः होकार दिला आहे, आणि पाहणी करणाऱ्यांकडे आमची नोंदवही द्यायची नाही हेही कळवले आहे. पूर्णतेचा आकडा या वर्षी छापायचाच झाला, तर तो एका संख्येऐवजी पल्ला म्हणून, आणि प्रत्येक टोक कोणत्या गृहीतकावर उभे आहे हे त्याच ओळीत लिहून छापू.